एक्केचाळीस चटया

कोशाच्या कचेरीत तिला सगळे तागडीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं ती वादाच्या नोंदी लिहीत आली होती. नद्यांवर, धातूंवर, पक्ष्यांवर कुणीही लिहावं. पण जिथे दोन बाजू अजून एकमेकींचं तोंड बघत नाहीत, असा विषय फिरत फिरत तिच्याच टेबलावर यायचा. ती चष्मा पुसायची, पेन्सिलीला टोक काढायची आणि असं काही लिहायची की दोन्हीकडच्यांना वाटावं, चला, आपलंही आलं. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे नावाजलेली सून शोधून सापडत नाही, आपल्याला ती कचेरीत सापडली, असं थोरले संपादक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

कोशाची एक रीत होती, पहिल्या खंडापासून चालत आलेली. वादाची नोंद छापायला देण्याआधी ती मोठ्याने वाचायची आणि ऐकायला दोन माणसं बोलवायची, एक या बाजूचं, एक त्या बाजूचं. त्यांना 'दोन कान' म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडलेल्या असत, म्हणजे वाचणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसू नये आणि त्यांचा वाचणाऱ्याला. जिथे टोचेल तिथे हात वर करायचा, बोलायचं काही नाही. टंकलेखिका मागे बसून त्या ओळीपुढे खूण करी. दोघांचे हात सारखे वर गेले तर नोंद पास, एकाचेच गेले तर पुन्हा लिहायची. दोघं सारखेच रुसले की समजावं जमलं, असं थोरल्यांचं मत. तागडीबाईच्या नोंदींना मात्र हातच वर जात नसत. सव्वीस वर्षांत सगळे मिळून नऊ हात, आणि त्यातला एक तर पंख्याच्या वाऱ्याने उडणारी टोपी धरायला गेला होता.

या खेपेला नोंद होती जागत्यांची. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात, नदीकाठच्या गिरणीमागे, हा पंथ होता. जागेपणी माणूस फक्त स्वतःचं ऐकतो, अशी त्यांची श्रद्धा. देवाचं ऐकायचं तर झोपावं, आणि तेही एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. आठवड्यातून एका दुपारी ते एका लांब दालनात चटया अंथरून शेजारी शेजारी झोपत. उठल्यावर ज्याने त्याने आपलं स्वप्न सांगायचं आणि त्यातून जे निघेल तो निर्णय, मग विहीर कुठे खणायची असो की कुणाला माफ करायचं असो. ते स्वतःला जागते म्हणवत. बाकीचं शहर त्यांना झोपाळे म्हणे, आणि हे त्यांना दिलेल्या नावांतलं सगळ्यात सभ्य नाव. पोराबाळांना गुंगी घालतात, असा बोभाटा झाला. मोठ्या प्रार्थनाघरातून त्यांच्याविरुद्ध प्रवचनं झाली. मग एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, दालनाला आग लागली.

लागली की लावली, इथपासून वाद. तागडीबाईने नावापासूनच सांभाळून सुरुवात केली. 'जागते' म्हणावं तर प्रार्थनाघराचा हात वर, 'झोपाळे' म्हणावं तर जागत्यांचा. म्हणून तिने 'निद्रोपासक' असा शब्द पाडला, जो आजवर कुणीच कुणाला म्हटला नव्हता आणि ज्यामुळे नोंद ज आणि झ या दोन्ही अक्षरांना चुकवून थेट न च्या खंडात जाऊन बसली. मग एकेक वाक्य. 'असे सांगितले जाते', 'असे मानणारा एक वर्ग आहे', 'काही तत्कालीन लेखकांच्या मते'. भाषेत याच्याइतक्या मऊ उशा दुसऱ्या नाहीत, आणि तागडीबाई प्रत्येक वाक्याच्या डोक्याखाली एक सरकवत गेली.

कचेरीत कुणालाच माहीत नव्हती अशी एक गोष्ट मात्र होती. तागडीबाई स्वतः जागत्यांच्या घरातली. तिच्या वडिलांनी ऐन तारुण्यात आडनाव बदललं, नदीपलीकडे बिऱ्हाड केलं आणि मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या घरात दुपारी कुणी नुसता डोळा मिटला तरी ते मोठ्याने खाकरायचे. मागे राहिली फक्त त्यांची थोरली बहीण, तागडीबाईची आत्या. ती अजून गिरणीमागच्या एका खोलीत राहत होती, विचारेल त्याला मी जागती आहे म्हणून सांगत होती, आणि आता सत्त्याऐंशी वर्षांची झाली होती. शिपाई दुसऱ्या कानाचा शोध घेत शहरभर फिरला आणि नेमका तिचाच पत्ता घेऊन आला.

नियम साफ होता, कुठल्याही बाजूच्या नातेवाइकाने नोंद लिहायची नाही. तागडीबाईने त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तिने अळीमिळी गुपचिळी केली. एक तर सव्वीस वर्षांच्या निःपक्षपातीपणावर एका क्षणात शाई सांडली असती. आणि दुसरं, खरं कारण असं की तिला ही नोंद दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती. आत्याचं कित्येक वर्षांचं एकच म्हणणं होतं, आपलं पुस्तकात येऊ दे, मग मी जायला मोकळी. ते पुस्तकात आणायचं तर आपल्याइतकं स्वच्छ कोण आणणार, असं तिला वाटत होतं. हा गर्व होता की माया, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वाचणी दुपारी तीनला होती. पडद्यातून गाळून आल्यासारखं फिकट ऊन खोलीभर पसरलं होतं आणि पंखा आपल्याच तंद्रीत फिरत होता. डावीकडच्या खुर्चीत मोठ्या प्रार्थनाघराचे कारभारी बसले, उंच, वाकलेले, छत्री गुडघ्यांमध्ये धरून. उजवीकडे आत्या. आत्याने ओळख दाखवली नाही. "बसू का बाई इथे?" असं तिने स्वतःच्या भाचीला इतक्या परकेपणाने विचारलं की भाचीनेही परक्या बाईला दाखवावी तशी तिला खुर्ची दाखवली.

तिने वाचायला सुरुवात केली. वाचताना आवाज कसा ठेवायचा हेही ती शिकली होती, वर नाही, खाली नाही, वाफ निघून गेलेल्या पाण्यासारखा कोमट. "निद्रोपासकांच्या सामूहिक निद्रेविषयी परस्परविरोधी वर्णने आढळतात." हात नाही. "बालकांना गुंगीचे द्रव्य दिले जात असल्याचा आरोप त्यांच्यावर काही लेखकांनी केला आहे." हात नाही. "दालनास लागलेल्या आगीत एक्केचाळीस अनुयायी मृत्यू पावले असे सांगितले जाते. दालनाचे दार बाहेरून बंद होते, असे मानणारा एक वर्ग आहे." पंख्याची करकर ऐकू आली, कारभाऱ्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि हात नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा टंकलेखिकेच्या कागदावर एकही खूण नव्हती.

तागडीबाईचा जीव भांड्यात पडला. मागे उभे असलेले थोरले टाळी वाजवता वाजवता थांबले, कारण कारभारी ओठांवर बोट ठेवून उजव्या खुर्चीकडे बघत होते. आत्या झोपली होती. हनुवटी छातीवर, दोन्ही हात मांडीवर उघडे, आणि श्वास असा लांब की पहिल्या परिच्छेदापासून झोपली असावी. थोरले दबक्या आवाजात म्हणाले की हात वर गेला नाही म्हणजे हरकत नाही, नियम तसाच आहे. नोंद पास झाली. खंड बारा दिवसांनी छापायला जायचा होता.

आत्याला घरी पोचवायचं काम तागडीबाईने आपणहून घेतलं. गिरणीमागच्या गल्लीत, खोलीचं कुलूप काढून, चटईवर बसून, पाणी पिऊन झाल्यावर मग आत्याने भाचीकडे पाहिलं.

"तू वाचत होतीस तेव्हा मी आत जाऊन आले," ती म्हणाली. "दालन अगदी तसंच होतं. खिडक्या उंच, जमीन गार. एक्केचाळीस चटया, सरळ ओळीत. किती नीट अंथरल्या होत्यास गं. पण एकीवरही माणूस नव्हतं."

तागडीबाईने समजावून सांगायला सुरुवात केली. हे कोशाचं लेखन आहे, आपल्याला कुणाची बाजू घेता येत नाही, आगीचे कागद दोन्हीकडचे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. आत्या मान हलवत ऐकत राहिली, लहान मुलाचं खोटं ऐकावं तशी. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, ते मेले की नाही, यावर तरी दोन्ही कागद जुळतात ना.

"जुळतात."

"मग मेले म्हण. 'मेले असे म्हणतात' काय? माझ्या आजीची आई होती त्यात. ती काय म्हणण्यापुरती मेली?"

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, तिचा आवाज पातळ होत होत भरत गेला. तागडीबाईला वाटलं, आता आत्या दुसरं मागेल. त्यांना निर्दोष कर म्हणेल, प्रार्थनाघराच्या माथी आग मार म्हणेल. तसं म्हणाली तर नाही म्हणायला तिची तयारी होती. आत्या म्हणाली ते भलतंच.

"आणि तो 'आरोप' शब्द काढ. बोंडांचं पाणी देत होते पोरांना. अफूच्या बोंडांचं, उकळून. पोरं एका जागी पडत नाहीत ना, मग मोठ्यांची झोप मोडायची. आगीनंतरही घरोघर चालू होतं ते, मलाही दिलेलं आहे. कडू असायचं. माझा धाकटा भाऊ, तुझा काका, एकदा उठलाच नाही. म्हणून तुझा बाप गेला नदीपलीकडे."

वडिलांच्या त्या खाकरण्याचा अर्थ तागडीबाईला असा साठाव्या वर्षी कळला. तिला असा एक काका होता, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं आणि ती आत्यासमोर रडली, चष्मा न काढता. आत्याने तिला चटईवर आडवं व्हायला सांगितलं. दुपारी झोपण्याची तिला सवय नव्हती, तरी ती आडवी झाली. छताच्या फळ्यांवर उन्हाची एक तिरीप हळूहळू सरकत होती. झोप आली नाही, पण आली असती तर बरं झालं असतं असं वाटण्याइतकं सुख झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारभाऱ्यांकडे गेली. प्रार्थनाघराच्या मागच्या अंगाला त्यांची छोटी कचेरी होती, वाळवीच्या औषधाचा वास येणारी. कारभाऱ्यांना वाटलं, सही घ्यायला आली असेल. तिने आधी आपलं नातं सांगितलं. मग बोंडांच्या पाण्याचं सांगितलं, काकाचंही सांगितलं, आणि हे मी आता नोंदीत सरळ लिहिणार आहे म्हणाली, आरोप म्हणून नव्हे. त्यांच्या बाजूचा इतका मोठा मुद्दा त्यांच्या हातात आयता आला होता. दुसरा कुणी असता तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खूश झाला असता. कारभारी खूश झाले नाहीत. ते कितीतरी वेळ छत्रीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले.

"काल मला काही टोचलं नाही," ते शेवटी म्हणाले. "घरी जाऊन जेवलो आणि मग लक्षात आलं, की टोचायला हवं होतं."

त्यांनी उठून कपाट उघडलं. आत दफनाच्या वह्या होत्या, वर्षवार, कापडात बांधलेल्या. त्यांना शोधावं लागलं नाही, यावरूनच कळत होतं की ही वही त्यांनी पूर्वी काढलेली आहे. पान जाड होतं आणि अक्षर एखाद्या घाईत नसलेल्या माणसाचं. एक्केचाळीस नावं होती, वयांसकट. तिने मोजली. बारा नावांपुढची वयं दहाच्या आत होती. खाली त्या वेळच्या कारभाऱ्याने दोन ओळी लिहिल्या होत्या, 'दाराची कडी बाहेरून लावलेली होती, ती मी स्वतः काढली. सर्वांस आपल्याच जागेत पुरले, कारण दुसरी जागा कोणी दिली नाही.'

कारभारी म्हणाले की त्यांच्या आधीच्या दोघांनीही हे पान पाहिलेलं असणार. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी दाखवलं नाही. सांगितलं तर आपलं घर उघडं पडतं, फाडलं तर पाप लागतं, धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं. मग त्यांनी तिच्याकडे न बघता उजवा हात वर केला आणि तसाच ठेवला. खोलीत टंकलेखिका नव्हती, खूण करायला कागद नव्हता. तिने आपल्या पिशवीतून पेन्सिल काढून तळहातावर एक रेघ ओढली, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

त्या दुपारी तिने नोंद पुन्हा लिहिली. उशा एकेक करून काढून टाकल्या. सगळ्या नव्हे, कारण काही गोष्टी खरंच कुणालाच माहीत नव्हत्या आणि तिथे तसं म्हणणं भागच होतं. कडी कोणी लावली ते माहीत नाही, एवढंच तिने लिहिलं. पण 'माणसे मेली' यातल्या 'मेली' या शब्दाखाली आता काही नव्हतं. तो लिहून तिने पेन्सिल खाली ठेवली, बोटं उघडझाप केली आणि मग पुढचं लिहिलं. पान संपलं तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती.

थोरल्यांच्या खोलीत जाऊन तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि नातं सांगितलं. थोरल्यांनी आधी नवी नोंद वाचली, मग जुनी, मग पुन्हा नवी. ते रागावतील म्हणून ती उभी होती. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"तागडीत स्वतःच बसून वजन करत होतीस होय इतके दिवस," ते म्हणाले.

नवी नोंद चांगली आहे, असं ते म्हणाले. दोन्ही कान सही करत असतील तर ती जाईलही. पण तिच्या नावाने जाणार नाही. तिच्या मागच्या सगळ्या नोंदी आता कुणीतरी पुन्हा तपासणार, खंडाच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून असलेलं तिचं नाव निघणार, आणि पुढचे वाद दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाणार. तिने मान हलवली. नियम तिला त्यांच्याहून जास्त पाठ होता. बाहेर आल्यावर टंकलेखिकेने काही न विचारता तिच्यापुढे चहा ठेवला, आणि तो चहा निवेपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिला जाणवलं की आपल्याला हलकं वाटतंय, आणि तिला स्वतःचाच थोडा राग आला.

दोन्ही सह्या झाल्या. कारभाऱ्यांनी सही केली ती तारखेसकट, शाई वाळेपर्यंत थांबून. आत्याच्या सहीसाठी ती गिरणीमागे गेली तेव्हा आत्याला उठवत नव्हतं. चार दिवसांत ती फार आटली होती. शेजारच्या बाईने सांगितलं की दिवसातला बराचसा वेळ ती झोपूनच असते आणि जागी झाली की एकच विचारते, पोरगी आली का.

तागडीबाईने खिडकी उघडी ठेवली, दुसरी चटई आत्याच्या चटईला लावून अंथरली आणि आडवी होऊन वाचायला लागली. या वेळी तिने आवाज सांभाळला नाही. तो मध्येच भरून येत होता, मध्येच खाली जात होता. "एक्केचाळीस माणसे मेली. त्यांतली बारा मुले होती. दार बाहेरून बंद होते." पुढे नावं होती. कोशात नावांना जागा नसते, पण थोरल्यांनी ती ठेवली होती, बारीक अक्षरात. तिने ती एकेक करून वाचली, वयांसकट. सातव्या-आठव्या नावाला आत्याचा श्वास लांबला. तागडीबाई थांबली नाही. शेवटची नावं तिला स्वतःलाच लांबून ऐकू आल्यासारखी वाटत होती, आणि कागद कधी हातातून सुटला ते तिला कळलं नाही.

तिला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. तीही झोपली होती, भर दुपारी, आणि कुणी खाकरलं नव्हतं. आत्या उताणी पडून डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता. तागडीबाईने पदराने तो टिपला आणि कसं होतं आत, ते विचारलं.

"गर्दी आहे गं," आत्या म्हणाली. "पाय ठेवायला जागा नाही. उकडतंय, पोरं चुळबुळ करतायत, कुणी घोरतंय. मी दारात उभी. तेवढ्यात एकीनं सरकून मला चटईवर जागा करून दिली."

तागडीबाईने तिचा हात हातात घेतला. तो हलका आणि कोरडा होता, आणि त्यात सही करण्याइतकं बळ उरलेलं दिसत नव्हतं. तरी तिने पेन पुढे केलं. आत्याने ते धरलं, पण लिहिलं नाही. तिला अजून काही सांगायचं होतं.

"तुझ्याबद्दलही विचारत होती ती. मी म्हटलं, ती लिहितेय अजून. येईल सावकाश."

मग तिने सही केली, वाकडीतिकडी, पण पूर्ण.